‘फक्त पोलीस व सरकारी वापरासाठी’ असा शिक्का असलेली मॅगझिनं घ्यावीत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीची आवड असलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न वर्षभर येत असतात. निवडणूक जवळ आली किंवा एखाद्या राज्याच्या विधिमंडळात नवं विधेयक आलं की ते दुपटीने येतात. मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथे मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरून बंदुकीला लावायच्या डबीच्या, क्षमतेवर मर्यादा नाही, पण डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत गेलं की त्याच वस्तूसाठी तुरुंगवास होऊ शकतो. तिकडच्या एडिसन गावातले मित्र रविवारी इकडच्या नेमबाजीच्या रेंजवर येतात, म्हणून हा फरक मला कायम डोक्यात ठेवावा लागतो. ही माहिती सर्वसाधारण आहे. पैसे मोजण्याआधी आपल्या राज्याच्या वकिलाला विचाराच.

हा शिक्का नेमका आला कुठून?

१३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी गुन्हेगारी नियंत्रण कायद्यावर सही केली. काही ठरावीक सेमी-ऑटोमॅटिक (दर वेळी घोडा दाबला की एक गोळी सुटून पुढची आपोआप चढणाऱ्या) बंदुकांबरोबरच दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारी नवी मॅगझिनं सामान्य नागरिकांना देणं आणि त्यांनी ती बाळगणं त्या दिवसापासून बंद झालं. त्याआधी कायदेशीरपणे लोकांकडे असलेल्या मॅगझिनांना मात्र सूट होती.

कारखाने थांबले नाहीत. पोलीस, लष्कर आणि परदेशी गिऱ्हाईक यांच्यासाठी उत्पादन चालूच राहिलं. नव्या मॅगझिनवर ते बंदीनंतरचं आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, अशी अट कायद्याने घातली आणि नियमांनी शब्द ठरवून दिले: ‘रिस्ट्रिक्टेड, लॉ एन्फोर्समेंट / गव्हर्नमेंट यूज ओन्ली’. परदेशी जाणाऱ्या मालावर ‘फॉर एक्स्पोर्ट ओन्ली’.

बंदूक प्रदर्शनातल्या टेबलांवर अशी मॅगझिनं खोक्यांत भरून ठेवलेली असतात. एम-१६ घराण्याच्या रायफलचं तीस गोळ्यांचं ॲल्युमिनियमचं मॅगझिन हातात घ्या. करड्या मुलाम्यावर हा मजकूर ठसठशीत अक्षरांत दिसेल, वापरून वापरून कडेची अक्षरं पुसट झालेली. तळाच्या पत्र्यावर, म्हणजे फ्लोअरप्लेटवर, कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा महिना-वर्षही कोरलेलं असतं. त्या तारखेकडे नीट बघा, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांची मदार तिच्यावर आहे.

मग नागरिकाने ते बाळगणं आज गुन्हा आहे का?

केंद्रीय कायद्याने नाही. १९९४ च्या बंदीला दहा वर्षांची मुदत होती. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती वाढवली नाही आणि १३ सप्टेंबर २००४ रोजी बंदी संपली. त्यानंतर एटीएफ, म्हणजे शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याने, शिक्क्याची मॅगझिनं नागरिकांना देता-घेता येतील असं स्पष्ट केलं, मात्र राज्याचा किंवा स्थानिक कायदा आड येत नसेल तरच.

शिक्क्यात स्वतःचा असा कायदेशीर जोर नाही. ज्या कायद्यामुळे तो मारला गेला तो कायदाच उरला नाही. तुम्ही पोलीस नाही आणि मॅगझिनवर ‘पोलिसांसाठी’ लिहिलंय, एवढ्यावरून टेक्सास, जॉर्जिया किंवा पेनसिल्व्हेनियात कोणी तुमच्यावर खटला भरू शकत नाही.

माझ्या राज्यात काय परिस्थिती आहे?

हा प्रश्न शिक्क्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. लोक तो शेवटी विचारतात याचं मला वाईट वाटतं.

न्यू जर्सीत १९९० पासून पंधरा गोळ्यांची मर्यादा होती. २०१८ च्या कायद्याने ती दहावर आणली. जुन्या मालाला सर्वसाधारण सूट मिळाली नाही: डिसेंबर २०१८ पर्यंत मॅगझिन कायमचं दहाचं करून घ्यायचं, राज्याबाहेर विकायचं किंवा पोलिसांत जमा करायचं. त्यानंतर ते जवळ सापडणं हा अठरा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे. न्यूयॉर्कने जानेवारी २०१३ मध्ये कायदा कडक केला आणि १९९४ पूर्वीच्या मॅगझिनांची सूटही काढून घेतली. ऱ्होड आयलंडनेही २०२२ मध्ये जुन्या मालाला सूट न देता दहाची मर्यादा घातली.

काही राज्यांनी विक्री बंद केली, पण आधी घेतलेलं ठेवू दिलं. वॉशिंग्टन राज्यात १ जुलै २०२२ पासून दहापेक्षा मोठी मॅगझिनं विकणं आणि राज्यात आणणं बंद आहे, आधीची बाळगता येतात. कोलोरॅडोत १ जुलै २०१३ पासून पंधराची मर्यादा आहे, त्याआधीच्यांना सूट. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये रायफलसाठी दहा आणि पिस्तुलासाठी पंधरा ही मर्यादा ठेवली. कनेटिकटने वेगळी वाट धरली: १ जानेवारी २०१४ पर्यंत सरकारदरबारी नोंद केली असेल तर जुनं ठेवा, नाहीतर नाही.

ही यादी पूर्ण नाही, आणि यातली प्रत्येक ओळ न्यायालयात किंवा विधिमंडळात बदलू शकते. ज्या आठवड्यात खरेदी करणार, त्या आठवड्यात राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर चालू कलम वाचा. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर जाऊ नका. दुकानदार चांगला माणूस असला तरी खटला तुमच्यावर होतो.

शिक्का खरोखर नडतो असं एखादं राज्य आहे का?

हो, मॅसॅच्युसेट्स. केंद्रीय बंदी संपली तरी या राज्याने तीच रेघ आपल्या कायद्यात जपली. दहापेक्षा मोठं मॅगझिन चालतं ते १३ सप्टेंबर १९९४ रोजी कायदेशीरपणे कोणाच्या तरी ताब्यात असलेलं, आणि २०२४ च्या नव्या कायद्याने ते कुठे नेता येतं यावरही बंधनं आणली. आता विचार करा: शिक्का मारायला सुरुवातच त्या तारखेनंतर झाली. म्हणजे शिक्क्याचं मॅगझिन हे ‘मी बंदीनंतर जन्मलो’ असा कबुलीजबाब अंगावर घेऊन फिरतं. त्या राज्यात राहणाऱ्या नागरिकाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

शिक्का नसला म्हणजे मॅगझिन जुनं ठरलं, असंही नाही. मॅगपुल कंपनीचं पीमॅग बाजारात आलं २००७ मध्ये. त्याच्यावर काही लिहिलेलं असो-नसो, ते १९९४ पूर्वीचं असूच शकत नाही. ग्लॉक पिस्तुलाच्या मॅगझिनवर दोन्ही बाजूंना खाच असेल तर ते नंतरच्या पिढीचं. जाणकार माणूस घडणीवरून वय ओळखतो आणि सरकारी वकीलही जाणकार साक्षीदार आणू शकतो.

उद्या केंद्रात पुन्हा बंदी आली तर शिक्क्याची मॅगझिनं आधी धोक्यात येतील का?

हीच भीती या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. १९९४ च्या कायद्यात एक कलम होतं: मॅगझिनवर क्रमांक नसेल तर ते बंदीत मोडत नाही असं गृहीत धरायचं. शिवाय ‘माझं जुनं आहे’ असं आरोपीने म्हटलं, तर ते खोटं ठरवण्याची जबाबदारी सरकारवर होती. कोऱ्या मॅगझिनच्या मालकाला या गृहीतकाचं कवच होतं. शिक्का असलेल्याला ते नव्हतं.

पण नवा कायदा आला तर तो स्वतःची नवी तारीख घेऊन येईल. त्यात जुन्या मालाला सूट असेल तर ती त्या नव्या दिवसापूर्वीच्या मालाला असेल. १९९७ सालचं शिक्क्याचं मॅगझिन त्या तारखेच्या कितीतरी आधीचं आहे. शिक्क्याची सक्ती फक्त १९९४ ते २००४ या काळात होती, त्यामुळे तो मॅगझिनचं वय सांगायला उलट मदतच करतो. कोऱ्या, तारीख नसलेल्या मॅगझिनच्या मालकाला हेच पटवून देताना नाकीनऊ येतील.

सूटच नसेल, न्यू जर्सीसारखं ‘ठेवूच नका’ असं धोरण असेल, तर शिक्का असला काय आणि नसला काय, दोघांची गत सारखीच. म्हणून माझं मत असं आहे की भविष्यातल्या बंदीच्या भीतीने शिक्क्याचं मॅगझिन नाकारण्यात अर्थ नाही. आणि त्याच भीतीने ते ढिगाने घेण्यातही नाही.

आता स्वस्तात घेऊन ठेवली आणि बंदीनंतर विकली, तर फायदा होईल ना?

हा विचार १९९४ च्या आठवणीवर उभा आहे. तेव्हा जुन्या मॅगझिनांची खरेदी-विक्री कायदेशीर होती आणि माल मर्यादित होता, म्हणून भाव चढले. ग्लॉकच्या सतरा गोळ्यांच्या मॅगझिनसाठी लोकांनी शंभर डॉलरच्या वर मोजले. दुसरीकडे, देशात आधीच सुमारे अडीच कोटी मोठी मॅगझिनं होती असा अंदाज होता आणि परदेशातून बंदीपूर्वीचा माल लाखोंनी येत राहिला. त्यामुळे सगळ्याच प्रकारांचे भाव काही आभाळाला भिडले नाहीत.

त्यानंतर कायदे लिहिणाऱ्यांनी धडा घेतला. २९ जुलै २०२२ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी नवं बंदी विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही, पण त्याचा मसुदा वाचण्यासारखा आहे. जुनं मॅगझिन ठेवायला त्यात परवानगी होती, पण ते विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला नव्हती. असा कायदा आला तर गुंतवणूक म्हणून भरलेलं कपाट आहे तिथेच राहील. मुलाला भेट देता येणार नाही, मित्राला विकता येणार नाही.

नफ्यासाठी मॅगझिनं साठवू नका. पैसे गुंतवायला जगात दुसऱ्या शंभर जागा आहेत, आणि त्यांतल्या एकीसाठीही पुढेमागे वकील करावा लागत नाही.

बंदीची बातमी आली की सगळे तुटून पडतात. मीही घाई करू का?

डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटच्या सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. देश हादरला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत दुकानांतली मॅगझिनं संपली आणि उरलेल्यांचे भाव काही पटींनी चढले. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये दोन दुरुस्त्या मतदानाला आल्या. बंदुकांवरची बंदी ४० विरुद्ध ६० मतांनी पडली, मॅगझिनच्या क्षमतेची मर्यादा ४६ विरुद्ध ५४ ने. पुढे माल परत आला, भाव उतरले आणि घाईत चढ्या भावाने घेतलेल्यांच्या हाती महागडा पत्रा राहिला.

मला त्या काळात भावांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा त्रास झाला. वीस घरांतली मुलं परत आली नव्हती आणि रेंजवर चर्चा चालू होती ती खोक्यात किती मॅगझिनं उरलीत याची. मर्यादेचा कायदा कोणाला पटो न पटो, त्याची मागणी कुठल्या दुःखातून येते हे नेमबाजांनी समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. समोरच्याला वेड्यात काढून हा वाद कधीच सुटणार नाही.

तर, घाई करू नका. ज्या बंदुकीसाठी मॅगझिन हवंय ती तुमच्याकडे असेल, ती तुम्ही खरोखर चालवत असाल आणि आहेत ती मॅगझिनं झिजली असतील, तर शांतपणे, नेहमीच्या भावाने घ्या.

जुनं शिक्क्याचं मॅगझिन विकत घेताना काय तपासावं?

आधी वरची टोकं, म्हणजे फीड लिप्स. गोळीला हीच टोकं धरून ठेवतात आणि ती योग्य कोनात चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्याकडे, जाते. दोन्ही ओठांमधलं अंतर सारखं हवं, कुठे वाकलेलं किंवा चिरलेलं नको. ॲल्युमिनियमच्या मॅगझिनमध्ये पाठीमागच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात बारीक तडा जातो. उजेडात तिरपं धरून नखाने चाचपलं की कळतं. असं मॅगझिन कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा.

मग बोटाने फॉलोअर दाबा, म्हणजे गोळ्यांच्या खाली सरकणारा प्लॅस्टिकचा तुकडा. तो एका बाजूला कलंडत अडकला तर गोळी नीट चढणार नाही. जुने काळे फॉलोअर असे कलंडतात, नंतरचे हिरवे बरे आणि त्यानंतरचे मातकट रंगाचे त्याहून बरे. स्प्रिंग दमलेली असेल तर ती बदलता येते, पण त्याबद्दल एक सावधगिरी: कॅलिफोर्नियात सुटे भाग जोडून मोठं मॅगझिन तयार होईल असा संच विकणं किंवा घेणं २०१४ पासून बेकायदा आहे. तिथे राहत असाल तर ‘हे फक्त पार्ट आहेत’ या बोलण्याला भुलू नका.

फ्लोअरप्लेट काढून आतली वाळू आणि जुनं ग्रीस बघायलाही विक्रेत्याने हरकत घेऊ नये. घेतली तर पुढच्या टेबलाकडे चला.

शिक्का घासून काढला तर?

नका काढू. जिथे मॅगझिन कायदेशीर आहे तिथे काढायची गरज नाही आणि जिथे बेकायदा आहे तिथे काढून ते कायदेशीर होत नाही. उलट, घासलेल्या जागेकडे बघून पहिला प्रश्न पडतो तो ‘काय लपवत होतात?’ हाच. वस्तूच्या वयाचा हाती असलेला पुरावा स्वतःच्या हाताने पुसून काय मिळणार?

पुरावा म्हणून काय ठेवावं?

पावती. दुकानाचं नाव, तारीख, नग आणि वर्णन असलेली. ऑनलाइन घेतलं तर ईमेल आणि बिलाची छापील प्रत. प्रदर्शनात खासगी विक्रेत्याकडून घेतलं तर साध्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून घ्या. केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने सुटं मॅगझिन म्हणजे बंदूक नव्हे, त्यामुळे बंदूक घेताना भरावा लागणारा सरकारी फॉर्म इथे नसतो. म्हणजे तुमच्या खरेदीची नोंद तुमच्याशिवाय कोणाकडेच नसण्याची शक्यता मोठी आहे.

प्रत्येक मॅगझिनचा दोन्ही बाजूंनी आणि तळातून फोटो काढा, आणि तारीख दिसेल असा जपा. कॅलिफोर्नियात २९ मार्च २०१९ रोजी न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी राज्याची बंदी रद्द ठरवली आणि ५ एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता त्या निकालाला स्थगिती लागू झाली. त्या आठवड्याभरात हजारो लोकांनी कायदेशीरपणे मॅगझिनं मागवली. पुढे वरच्या न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये बंदी वैध ठरवली. त्या आठवड्यातल्या खरेदीदाराकडे बोलायला काही असेल तर ती फक्त पावतीवरची तारीख.

सर्वोच्च न्यायालय हा प्रश्न एकदाचा सोडवणार नाही का?

याच न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने शस्त्र कायदे तपासण्याची कसोटी बदलली आणि अनेकांना वाटलं की मॅगझिनच्या मर्यादा कोसळतील. तसं झालं नाही. नवव्या सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाची मर्यादा टिकवली, वॉशिंग्टनच्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तिथली टिकवली. ऱ्होड आयलंडचं प्रकरण ऐकायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २ जून २०२५ रोजी नकार दिला. प्रकरण न ऐकणं म्हणजे कायद्याला मान्यता नव्हे, पण त्या राज्यातल्या माणसाला दिलासाही नव्हे. पुढे काय निकाल लागेल या अंदाजावर आजची खरेदी करू नका.

गाडीने दुसऱ्या राज्यातून जाताना काय करायचं?

फिलाडेल्फियाहून बॉस्टनला जाताना न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स लागतात, आणि या चारही राज्यांत मर्यादा आहे. केंद्रीय कायद्यात प्रवाशांना संरक्षण देणारं एक कलम आहे, पण त्यात उल्लेख आहे तो बंदूक आणि दारूगोळा यांचा. मॅगझिनचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्या आधारावर मी तरी मोठं मॅगझिन गाडीत ठेवणार नाही. दहाचं न्या, किंवा घरीच ठेवून जा. रेंजवरून परतताना बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एखादं विसरलेलं राहतं, तेव्हा पुलाआधी बॅग रिकामी करून बघायची सवय लावून घ्या.

मी एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहे. मला घेता येईल का?

व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ वैध शिकारी परवाना. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. सुटं मॅगझिन बंदुकीच्या व्याख्येत बसत नाही हे खरं, पण बंदूकच बाळगता येत नसेल तर ते घेऊन करायचं काय?

नागरिकत्व मिळालं नसेल तर, ग्रीन कार्ड असलं तरीही, हे नीट वाचा. शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. जन्माने अमेरिकन असलेला शेजारी ज्या चुकीसाठी दंड भरून सुटेल, त्याच चुकीने तुमचं इथलं घर, नोकरी आणि मुलांची शाळा पणाला लागू शकते. राज्यात मर्यादा असेल तर आपल्या लोकांनी दहाच्याच मॅगझिनवर समाधान मानावं. लक्ष्यावर नेम धरायला दहा गोळ्या पुरतात.

घरात लहान मुलं आहेत. वेगळी काळजी काय?

मॅगझिनं भरून उघड्यावर ठेवू नका. बंदूक एका कुलपात, काडतुसं आणि मॅगझिनं दुसऱ्या. सुट्टीत घरी पाहुणे आणि त्यांची मुलं येतात, तेव्हा किल्ल्या कुठे आहेत हे पुन्हा एकदा तपासा.

भारतातल्या भावाकडे परवान्याचं पिस्तूल आहे. त्याच्यासाठी एक घेऊन जाऊ का?

अजिबात नाही. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत त्यांचे भागही येतात. मुंबई विमानतळावर बॅगेत रिकामं मॅगझिन निघालं तरी ‘यात गोळी नाही’ हा बचाव पुरणार नाही. एखादं जुनं काडतूस खिशात राहिलं म्हणून अटक झालेल्या प्रवाशांच्या बातम्या आपण वाचतोच. अमेरिकेच्या बाजूनेही ही निर्यात धरली जाते आणि तिला वेगळे नियम आहेत. रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरूच नका; प्रवासासाठी वेगळी बॅग ठेवा. भावाला सुटा भाग हवा असेल तर त्याने आपल्या परवान्यावर तिथल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावा.